डाव्या सीटचा पट्टा

मी गाडीच्या सीटचा पट्टा आहे. म्हणजे होतो. आता मी ड्रायव्हिंग स्कूलच्या भिंतीवर एका खिळ्याला टांगलेला असतो. माझा मधला भाग ताणून पातळ झाला आहे, कडेचे धागे विस्कटले आहेत, फक्त बकलात शिरणारी लोखंडी जीभ तेवढी अजून चकाकते. नवीन शिकायला आलेले लोक मला बघून विचारतात, हे फडकं इथे कशाला टांगलंय? मित्रांनो, खुशाल फडकं म्हणा. पण म्हणण्याआधी ऐकून घ्या. मला कुणाची कीव नको आहे.

माझा जन्म कारखान्यातला. शेकडो धागे इतके घट्ट विणले की मधून सुई जायची नाही. मग रंग, मग भट्टी. प्रत्येक गठ्ठ्यातल्या एका पट्ट्याला तिथे यंत्रात धरतात आणि दोन्हीकडून ओढतात, तुटेपर्यंत ओढतात. तो किती ओझ्याला तुटला हे बघून बाकीच्यांना पास करतात. माझ्या शेजारचा तसाच गेला. त्याच्यासाठी कुणी हळहळलं नाही. मी तेव्हाच ओळखलं की ह्या धंद्यात हारतुरे नाहीत. आपल्याला ओढायला लोक येणार, आणि येताना कुरकुरत येणार.

मला एका छोट्या पांढऱ्या गाडीच्या डाव्या सीटवर बसवलं. ही गाडी शिकवणीची होती. उजवीकडे शिकणारा, डावीकडे शिकवणारा, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी आणखी एक ब्रेक. शिकवणाऱ्या होत्या बाई. सगळे त्यांना बाईच म्हणायचे. उंचीला खांब, आवाजाला भोंगा. नवरा गेल्यावर त्यांनी ही शाळा एकटीने उभी केली होती.

बाईंची एक पद्धत होती. नवीन माणूस उजव्या सीटवर बसला की आधी सीट, मग आरसा, मग दाराशेजारच्या खांबावरचं बटण. ते दाबून पट्टा वर-खाली सरकवायचा. "गळ्याला घासायला नको आणि खांद्यावरून उतरायला नको," बाई सांगायच्या. मग त्या शिकणाऱ्याला डोळे मिटायला लावायच्या आणि बकलाचा खट असा आवाज ऐकायला लावायच्या. "आवाज कानात गेला? आता डोळे उघडा. आधी बेल्ट, मग किल्ली." अकरा वर्षं हाच मंत्र. डोळे मिटून पट्टा लावणारी दुसरी शाळा मी ऐकलेली नाही.

हे सगळं कौतुक उजव्या पट्ट्याचं. मला बाई न बघताच ओढायच्या, घरच्या माणसापुढे आपण न बघता ताट सरकवतो तसं. माझ्या खांबावरही बटण होतं. गाडी आली त्या दिवशी ते सगळ्यात खालच्या खाचेत होतं, आणि अकरा वर्षं तिथेच राहिलं. त्यात धूळ बसली, सीटकव्हरचा डिंक गळाला, बटण दगड झालं. जगाला उंची लावायला शिकवणाऱ्या बाईंनी स्वतःचं बटण एकदाही दाबलं नव्हतं. मी सांगू शकलो असतो तर सांगितलं असतं. पट्ट्याला तोंड नसतं, फक्त जीभ असते.

मग एक दिवस बाई जिन्यात पडल्या. चार दिवसांनी पुन्हा पडल्या. हृदयाचे ठोके मध्येच दांडी मारत होते. डॉक्टरांनी गळ्याजवळच्या डाव्या हाडाखाली, कातडीच्या आत, पेसमेकर बसवला. काडेपेटीपेक्षा लहान यंत्र. ठोका चुकला की ते हळूच ढोसतं आणि हृदय पुन्हा कामाला लागतं. दीड महिन्याने बाई गाडीत परत आल्या. मला आनंद झाला. त्यांनी मला ओढलं, खट आवाज आला, आणि मी बरोबर त्या उंचवट्यावर आडवा पडलो.

मी त्यांना दुखवलं, मित्रांनो. मुद्दाम नाही, पण दुखवलं, आणि ते मी लपवणार नाही. शिकणारा माणूस वीस पावलांवर एकदा ब्रेक मारतो. दर ब्रेकला मी जागच्या जागी आवळतो, तेच माझं काम. दर आवळण्याला माझी कड त्या कोवळ्या कातडीवर घासायची. बाईंनी दात-ओठ आवळून पहिला दिवस काढला. दुसऱ्या दिवशी नॅपकिनची घडी घातली, ती घसरून मांडीवर आली. मग मला काखेखालून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी जे केलं ते सांगताना अजून माझे धागे ताठ होतात. त्यांनी मला सीटच्या पाठीवरून ओढलं, बकलात अडकवलं आणि माझ्यापुढे बसल्या. कारण पट्टा लावला नाही तर गाडी पीं पीं करते.

न लावलेला पट्टा निदान गप्प लोंबकळतो. पाठीमागे अडकवलेला पट्टा खोटी साक्ष देतो. हे करणाऱ्या माणसांना बाई पूर्वी भर रस्त्यात गाडीतून उतरवायच्या. आणि आता त्यांनी मलाच खोटं बोलायला लावलं. का, ते मला कळत होतं. दवाखान्यात विचारलं की त्या म्हणायच्या, काही त्रास नाही. पट्टा काचतो म्हणावं, तर लोक म्हणतील, मग सोडा आता हे काम. काम सुटलं तर बाईंकडे काय उरणार होतं? रिकामं घर आणि मापात चालणारं हृदय.

त्या दिवसांत एक बेकरीवाली शिकायला यायची. पन्नाशीची, बाहीला कायम पीठ. तिला स्वतःची पावाची व्हॅन स्वतः चालवायची होती. "माझा दीर म्हणतो, बाईमाणसाला व्हॅन जमत नाही," ती सांगायची. "त्याला तीस वर्षांत पाव जमला नाही, ते कोण काढतंय?" तिची नजर मात्र तिखट. सिग्नलला गाडी थांबली आणि तिने मान वळवली.

"बाई, तुमचा बेल्ट मागे काय करतोय? पाठ खाजवतोय?"

"समोर बघा," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे बघायचे मार्क नसतात."

"आणि डोळे मिटून खट ऐकायचं, ते फक्त आम्हीच का?"

सिग्नल सुटला. पुढच्याच वळणावर एका फाटकातून सायकल आडवी आली. बेकरीवाली गोठली. बाईंनी आपला ब्रेक दाबला आणि गाडी सायकलच्या हातभर अलीकडे थांबली. बेकरीवालीला तिच्या पट्ट्याने धरून ठेवलं. बाईंना धरायला कुणी नव्हतं. त्यांनी दोन्ही हात छातीवर घेतले, त्यामुळे यंत्र वाचलं आणि कपाळ फुटलं. चार टाके. आणि मी मागे बकलात नीट अडकलेला. ताठ, कोरा, बिनकामाचा. तसला अपमान माझ्या आयुष्यात दुसरा झाला नाही.

संध्याकाळी बाईंचा थोरला मुलगा आला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. बाई अंगणात उभ्या असलेल्या गाडीतच बसल्या होत्या, डाव्या सीटवर, कपाळाला पट्टी. तो खिडकीशी वाकला.

"आई, पुरे झालं. किल्ली दे. मी गाडी विकतो."

"कुणाची?"

"तुझी."

"मग आधी मला विचार."

"छातीत मशीन घेऊन लोकांना गाडी शिकवायची हौस कशाला? घरी बस. नातवंडं बघ."

"ती दिवसभर शाळेत असतात. मी काय त्यांच्या चपला बघत बसू?" बाईंचा भोंगा सुरू झाला. "माझ्या छातीत मशीन बसवलंय, मला कुलूप नाही लावलेलं. तू रोज दहा मजली विहिरीत पट्ट्यावर लटकतोस. मी तुला कधी म्हटलं, घरी बस?"

"ते वेगळं आहे."

"काय वेगळं? तुझा पट्टा काचत नाही?"

"काचतो की. पहिल्या वर्षी मांड्या सोलून निघायच्या."

"मग काय केलंस? नोकरी सोडलीस?"

"नाही. पट्टा कुठून जातो ते बघितलं. जागा बदलली. मऊ पट्टी घातली."

"हे मला दीड महिन्यात कुणी सांगितलं नाही."

"तू कुणाला विचारलंस?"

बाई समोरच्या काचेकडे बघत म्हणाल्या, "विचारलं असतं तर तू आज जे म्हणालास तेच सगळे म्हणाले असते."

थोरल्याने दार उघडलं, मला पाठीमागून सोडवलं आणि आईच्या खांद्यावरून आणून बघितलं. कारागिराची नजर. पट्टा कुठे बांधलाय, तिथे ती आधी गेली. "हा एवढा खाली का? तुझ्या उंचीला हा वर हवा. इथे बटण असतं ना?" त्याने दाबलं. हललं नाही. त्याने आपल्या पिशवीतून तेल आणि स्क्रूड्रायव्हर काढला, डिंक खरवडला, तेल सोडलं, पुन्हा दाबलं. कर्र आवाज करत मी दोन खाचा वर गेलो. दोन बोटं गळ्याच्या दिशेने सरकलो. माझी कड उंचवट्यावरून उतरली.

बाई त्या बटणाकडे बघत राहिल्या. मग हसू लागल्या, टाके ओढले जाऊन डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "सगळ्या जगाला मी हे बटण दाबायला लावलं रे," त्या म्हणाल्या. थोरल्याने किल्ली पुन्हा मागितली नाही. म्हणाला, "उद्या आधी दवाखाना. मशीन तपासून ये. आणि ह्या वेळी तोंड उघड."

बाईंनी तोंड उघडलं. परत आल्यावर सगळं त्यांनी बेकरीवालीला गाडीत सांगितलं, म्हणून मला कळलं. यंत्र तपासणाऱ्या मुलीने त्यांना सुनावलं होतं: पट्ट्याने यंत्र बिघडत नाही, कातडी दुखते. दुखतं तिथे मऊ पट्टी लावा, पण उशीएवढी जाड नको, पट्टा सैल पडेल. कंबरेचा भाग खाली हाडांवर हवा. काखेखालून नाही, पाठीमागे तर नाहीच. धक्का बसला तर पुन्हा तपासून घ्या. आणि जखम लाल झाली, सुजली, पाझरली, तर पट्ट्याला शिव्या देत बसू नका, लगेच या.

मऊ पट्टी सीटकव्हरवाल्याने शिवली. वीतभर लांब, बोटभर जाड, माझ्यावर गुंडाळून बसणारी. त्याने हौसेने तिला लोहचुंबकाची बटणं लावायला घेतली होती.

"चुंबक माझ्या छातीजवळ नको," बाई म्हणाल्या.

"एवढंसं तर आहे."

"तुम्हाला एवढंसं. माझ्या मशीनला ते साहेब वाटतं, लगेच वागणं बदलतं. चिकटपट्टी लावा."

मित्रांनो, गोष्टीत असतं तसं दुखणं छूमंतर झालं नाही. लांबच्या फेरीला बाई अजून खांदा उडवायच्या, ब्रेकला अजून ओठ आवळायच्या. पण त्या मला पुढून लावायच्या. दररोज. आणि शिकणाऱ्याबरोबर आता त्याही डोळे मिटून खट ऐकायच्या.

बेकरीवालीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी शेवटचा सराव होता. ती छान चालवत होती. चौकात डावीकडून एक टेंपो न थांबता घुसला आणि आमच्या पुढच्या चाकावर आदळला. गाडी फिरली आणि समोरच्या खांबाला जाऊन भिडली. बाई पुढे फेकल्या गेल्या, आणि मी आवळलो. ह्यासाठीच मला विणलं होतं. यंत्रात तुटलेल्या माझ्या शेजाऱ्याने मला पास केलं होतं ते ह्याच क्षणासाठी. माझे धागे ताणले, काही तुटले, पण मी सोडलं नाही. बाईंचं कपाळ काचेपासून वीतभर लांब थांबलं.

बेकरीवाली आधी उतरली आणि टेंपोवाल्याला असं काही ऐकवलं की बघे दोन पावलं मागे सरकले. बाईंना दवाखान्यात नेलं. खांद्यापासून कंबरेपर्यंत काळानिळा पट्टा उमटला होता, माझ्याच मापाचा. यंत्र तपासलं. एकही ठोका चुकला नव्हता.

गाडी दुरुस्त झाली, पण मिस्त्री माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा गेला. एकदा ताणला की परत भरवसा नाही."

बाई म्हणाल्या, "ह्याने मला वाचवलं. दिसायला तर बराच दिसतोय."

थोरला शेजारी होता. "आई, झटका खाल्लेला दोर मी लिफ्टला परत लावला तर तू मला काय म्हणशील?"

बाईंनी कात्री मागून घेतली आणि मला स्वतःच्या हाताने कापलं. रडल्या नाहीत. नवा पट्टा बसला, तेव्हा त्यांनी खांबावरचं बटण आधी दाबलं. मऊ पट्टी माझ्या अंगावरून काढून त्याच्या अंगावर चढवली. मला हेवा वाटला का? वाटला. पण प्रेमापोटी मला ठेवून घेतलं असतं, तर मी पुढच्या धक्क्याला त्यांना दगा दिला असता. माझी काळजी घ्यायची म्हणजे हेच. बटणाला तेल द्या, कड उसवली का बघा, आणि वेळ आली की कापा. हातात कात्री घेऊन भावुक होऊ नका.

बेकरीवाली पास झाली. आता ती सकाळी व्हॅनमधून जाताना शाळेसमोर दोनदा हॉर्न वाजवते. तिचा दीर मागे पाव सांभाळत बसलेला असतो.

गेल्या आठवड्यात एक निवृत्त शिंपी आले. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि डाव्या हाडाखालचा उंचवटा दाखवला. नाइलाज झाल्यासारखं म्हणाले, "मुलं गाडीतून नेतात, पण पट्टा सहन होत नाही. मी आपला हातात धरून बसतो. आता ह्या वयात कशाला कुणाला सांगायचं?"

बाईंनी आपला पदर जरा बाजूला करून आपला उंचवटा दाखवला. मग मला खिळ्यावरून काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. "हा मधला भाग चाचपून बघा. पातळ लागतो? तिथे मी होते."

शिंप्याची बोटं माझ्यावरून फिरली. कापड ओळखणारी बोटं होती ती. माझी मोडलेली वीण त्यांनी सावकाश तपासली आणि सदऱ्याचं बटण लावलं.

"चला गाडीत," बाई म्हणाल्या. "डावीकडे बसा. आणि दुखलं तर मोठ्याने सांगा, मनातल्या मनात नको."

मला परत खिळ्यावर टांगून ते दोघं गेले. दार बंद झाल्याचं ऐकू आलं. मग बटणाचा कर्र आवाज. एकदा, दोनदा. मग थोडा वेळ शांत, दोघांनी डोळे मिटले असणार. आणि मग खट.