पेल्यावरचा अंगठा

कारकुनाने मुद्देमालाच्या पिशवीची लाखेची मोहोर फोडली आणि स्टीलचा पेला टेबलावर ठेवला. आरोपीच्या वकील शमीमबाईंनी तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि त्यात बघून आपली ओढणी सारखी केली.

“पेला भलताच चकचकीत हो, पाध्येसाहेब,” त्या सरकारी वकिलांना म्हणाल्या. “आमच्याकडे लग्नातसुद्धा इतका घासत नाहीत.”

कोर्ट हसलं. भास्कर पाध्ये हसले नाहीत. शमीम होडेकर उलटतपासणीला उभी राहिली की साक्षीदाराच्या खिशातलं पेनसुद्धा खरं बोलायला लागतं, असं रत्नागिरीच्या बार रूममध्ये सांगत. एका दुपारी तिने म्हणे भिंतीवरच्या घड्याळाकडून कबुली घेतली, तेव्हापासून ते कधी पुढे पळालं नाही. पण आज पेल्यावर अंगठा होता, आणि अंगठा म्हणजे काही घड्याळ नव्हे.

ज्या गोदूबाईचा तो अंगठा, ती आरोपीच्या पिंजऱ्यात पदराआड हात लपवून उभी होती. गेल्या एप्रिलात तिच्या वाडीतले बागायतदार आगाशे त्यांच्या माजघरात डोक्यात घाव बसून मेले. बागेतली पायवाट बंद केली म्हणून आदल्याच दिवशी ती त्यांच्याशी चारचौघांत भांडली होती. लगेच अटक. “त्यांच्या माजघरात मी जन्मात पाऊल टाकलं नाय,” एवढंच ती पहिल्यापासून म्हणत होती. पोलीस म्हणत होते, प्रेताशेजारच्या पेल्यावर तिचाच अंगठा आहे. दुसरा धड पुरावा नव्हता, पण जन्मठेपेला तेवढा पुरे होता.

त्या अंगठ्यापुढे शमीमबाईंनी वर्षभर डोकं आपटलं. मग गेल्या रविवारी त्या हौसेने ओले काजूगर सोलायला बसल्या आणि हाताला तेल लावायचं विसरल्या. चिकाने बोटांची सालटं निघाली. बुधवारी मोबाइल उघडायला अंगठा लावला, तर मोबाइल मालकिणीला ओळखेना. पुसून लावला, फुंकर मारून लावला. ओळखेना म्हणजे ओळखेना. तेव्हा त्या एकट्याच अशा हसल्या, की मिरकरवाड्याच्या धक्क्याला बांधलेल्या होड्या हलल्या म्हणतात.

साक्षीला ठसेतज्ज्ञ यज्ञेश पराडकर उभे होते.

“साहेब, पेल्यावरचा ठसा स्पष्ट आहे?”

“अत्यंत. रेघ न् रेघ मोजून घ्या.”

“गोदूबाईंच्या बोटांचे नमुने कधी घेतलेत?”

“ऑगस्टमध्ये. त्यांना तुरुंगातून ठाण्यात आणलं होतं.”

“आणि पेला तुमच्याकडे कधी आला?”

“त्यानंतरच्या आठवड्यात.”

“एप्रिलपासून तोवर कुठे होता?”

“ठाण्यात. माझ्याकडे आला तेव्हा सीलबंद होता.”

“तुमच्याकडे आला तेव्हा,” शमीमबाई म्हणाल्या आणि मागच्या बाकाकडे वळल्या. “काशीबाई, या पुढे.”

काशीही गोदूबाईसारखीच, त्याच शेडमध्ये काजूगर सोलणारी. या हंगामातही सोलत होती. तिचा ठसा आत्ता, इथेच घ्यावा, अशी शमीमबाईंनी विनंती केली. पाध्यांनी हरकत घेतली, पण न्यायाधीशांनी चष्मा पुढे ओढला होता. परवानगी मिळाली.

पराडकरांनी शाई लावून काशीचा अंगठा कागदावर टेकवला. उडदाचा पापड करपावा तसा काळा गोल उमटला. रेघ नावाला नाही.

“जरा जोर लावा, बाई.”

“जोर लावून काय होतंय, साहेब? रेशनच्या मशीनवर दर हंगामात जोर लावतंय मी. कंदी लागत नाय. सुनेचा लागतो, म्हणून तिचाच रुबाब!”

हशा थांबेपर्यंत शमीमबाई थांबल्या. मग गोदूबाईचा ठसा घेतला गेला. तो छापल्यासारखा आला.

“हिच्या बोटांवर रेघा कशा, साहेब?”

पराडकरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. माणूस सरळ होता, त्याला सगळं दिसलं. “चिकाने झिजलेली कातडी काम थांबलं की परत येते. काही आठवड्यांत.”

“आणि तुरुंगात काजूगर सोलायला देत नाहीत. आता सांगा. खून झाला त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ही बाई शेडमध्ये बसत होती, असं सरकारी साक्षीदारानेच सांगितलंय. त्या बोटांचा असा ठसा उमटेल?”

“नाही.”

“मग पेल्यावरचा ठसा कधीचा?”

पराडकरांनी चष्मा काढला. “रेघा परत आल्यानंतरचा.”

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. आणि पिंजऱ्यातून, कोणी विचारलेलं नसताना, गोदूबाई बोलली:

“अगो बाय! ठसे घेतले त्या दिवशी फौजदारसाहेबांनी चहा पाजलान् मला. असल्याच पेल्यातून. मी म्हटलं, किती भली माणसं!”

मागच्या बाकावर बसलेले तपासाचे फौजदार उठून दाराकडे सरकले.

“बसा,” न्यायाधीश म्हणाले. “तुम्हाला साक्षीला पुन्हा बोलवायचंय.”

गोदूबाई निर्दोष सुटली आणि फौजदारांची चौकशी लागली. त्या दिवशी कोर्टाच्या आवारात इतके पेढे वाटले गेले, की पाध्यांच्या काळ्या कोटाच्या खिशातही दोन निघाले. ते त्यांनी खाल्ले म्हणे.

पुढच्या आठवड्यात शमीमबाई वाडीवर गेल्या. गोदूबाई शेडमध्ये हंगामाच्या शेवटच्या बियांपुढे बसली होती.

“वकीलबाई, काल रेशनला गेलंय. पहिल्या फटक्यात लागला अंगठा! मशीन माझं नाव बोललं. दुकानदाराला म्हटलं, परत बोलायला सांग.”

शमीमबाईंनी पिशवीतून रबरी हातमोजे काढले. “आता हे घालून बसत जा, मावशी. रेघा टिकतील.”

गोदूबाईने हातमोजे कुरवाळले, घडी करून बाजूला ठेवले. तेलाची वाटीही सरकवली आणि एक बी चिरली. चीक अंगठ्यावर ओघळला. तिने पुसला नाही.

“राहू देत. मी आहे, एवढं मशीनला एकदा कळलं. आता परत कुणाच्या पेल्यावर सापडायला नको.”

पाट ओढून शमीमबाई तिच्या शेजारी बसल्या, तेलाच्या वाटीकडे एकवार बघितलं आणि ती तशीच राहू देऊन त्यांनी समोरची बी उचलली.