पान एकशे सत्तेचाळीसवरचे ‘होय’

मित्रांनो, मला उचलायचे तर दोन्ही हात लागतात. वासराच्या कातड्याने मढलेली, सहाशे पानांची, यॉर्कशायरमधल्या टेकडीवरच्या वेड्यांच्या इस्पितळातली मी सातवी रुग्णवही. माझ्या प्रत्येक पानावर चौकटी छापलेल्या आहेत. नाव, वय, गाव, काम. आणि खाली एक लहानशी चौकट : ‘आजार वंशात आहे काय?’ नवी होते तेव्हा मला तिचा अभिमान वाटे. आज मी तिला भिते.

डॉक्टर पाहुण्यांसमोर मला थोपटत. ‘अख्खं इस्पितळ हिच्या पोटात आहे,’ असे म्हणत. मी फुगून जात असे.

१८८४ च्या जानेवारीत सेथ ओल्डरॉइड नावाचा विणकर आपल्या बायकोला घेऊन आला. तिचे नाव थर्झा. बाळंत होऊन तिला सोळा दिवस झाले होते.

“झोप म्हणून नाही, साहेब,” सेथ टोपी चुरगाळत म्हणाला. “भिंतीशी बोलत बसते.”

“भिंत निदान मध्येच बोलत नाही,” थर्झा म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळून तिने विचारले, “मी इथं राहिले तर माझ्या लेकराला दूध कोण पाजणार?”

डॉक्टरांनी लिहिले, ‘असंबद्ध बडबड.’

“घरात आणखी कुणाला असं झालंय?” त्यांनी विचारले, पण बाहेर आणखी चौघे ताटकळत होते, आणि डॉक्टरांना एक सवय होती. ते उत्तराची वाट न पाहता माझ्या शेवटच्या पानांतली नावांची यादी उघडत. तिथे सापडली ॲन ओल्डरॉइड, त्याच खोऱ्यातली. त्यांनी थर्झाच्या चौकटीत भरले, ‘होय. नातेवाईक ॲन ओल्डरॉइड येथेच, पान ३१.’

“नाही, साहेब,” सेथ म्हणाला. “कुणालाच नाही.”

तोवर टाक खाली ठेवलेला होता. त्या खोऱ्यात दर तिसरे घर ओल्डरॉइडांचे होते, मित्रांनो. पण शाई वाळली, आणि वाळलेली शाई कोणी पुसत नाही.

थर्झा अकरा वर्षे धुलाईघरात चादरी पिळत राहिली. दर तीन महिन्यांनी तिच्या पानावर एक ओळ वाढे : ‘फरक नाही. मुलाबद्दल विचारते.’ शेवटची ओळ तिच्या मृत्यूची आहे.

पुढे मी भरले आणि कपाटात गेले. मग इस्पितळ बंद झाले. बॉयलरच्या तळघरात माझ्या कडांना बुरशी चढली, उंदरांनी माझा एक कोपरा नेला. अखेर परगण्याच्या दफ्तरखान्याने मला उचलले, मऊ कुंच्याने झाडले आणि उशीवर निजवले. आता लोक आपले पूर्वज शोधत माझ्याकडे येतात.

गेल्या मार्चमध्ये ग्लेनिस आली. थर्झाचे ते लेकरू म्हणजे तिचे आजोबा. सोबत तिची मुलगी रोवेना होती, सात महिन्यांची गरोदर.

“चार वर्षं शोधतेय,” ग्लेनिस दफ्तरखान्यातल्या क्लेगबाईंना सांगत होती. “नवऱ्यापेक्षा या पणजीला जास्त ओळखते मी.”

“यजमान सोबत नाहीत ते बरंय,” क्लेगबाई हसल्या.

रोवेना हसली नाही. “आई, मला एवढंच बघायचंय. बाळंतपणानंतर तिला जे झालं, ते आपल्या रक्तात आहे का?”

माझे पान एकशे सत्तेचाळीस, थर्झाचे, उघडले गेले. बोट चौकटीवर थांबले. ‘होय.’ रोवेनाचा हात पोटावर गेला.

“थांब, थांब!” ग्लेनिस एकदम म्हणाली. “ओल्डरॉइड हे तिचं सासरचं नाव! माहेरची ती बूथ. ही ॲन तिच्या रक्ताची नव्हेच गं! वेडा तो डॉक्टर!”

क्षणभर दोघी हसल्या. मग रोवेनाचे हसू विरले.

“मग ती सेथच्या रक्ताची असेल.”

“असेल. नसेलही.”

“आणि आपण सेथचेही आहोत, आई.”

त्यांनी पान ३१ उघडले. ॲनच्या माहितीत आईबापांच्या जागी लिहिले होते : ‘अज्ञात.’ ग्लेनिसने फोटो काढायला फोन वर केला.

“फोटो नको,” रोवेना म्हणाली. “घरात नको हे. मिटा ती वही.”

सेथ ‘नाही’ म्हणाला होता! मी ऐकले होते. पण जे माझ्यावर लिहिले गेले नाही, ते मला सांगता येत नाही. त्या दोघी गेल्या, आणि जाताना ते ‘होय’ रोवेना बरोबर घेऊन गेली. ती बाळंत झाली का, तिला झोप लागते का, बाळ रडले की ती दचकते का, हे मला कळायला वाट नाही.

मित्रांनो, जुन्या वह्यांना ओलीपासून, उंदरांपासून जपा. पण त्याहून मोठी विनवणी ही, की कोणाच्या नावापुढची चौकट भरताना त्याचे उत्तर येईपर्यंत हात थांबवा. तुम्ही निघून जाल, अक्षर मागे राहील. अजून न जन्मलेले कोणीतरी ते एक दिवस वाचेल.

आज क्लेगबाईंनी मला पुन्हा उशीवर ठेवले आहे. समोर एक म्हातारे गृहस्थ चष्मा पुसत बसले आहेत. त्यांना पान त्रेसष्ट हवे आहे. तिथेही त्याच हाताने ‘होय’ लिहिले आहे, आणि त्या वेळी डॉक्टरांनी कोणाला काही विचारल्याचे मला आठवत नाही.