नावाची आंघोळ

सकुबाईचं तोंड आणि सकुबाईचं महिला मंडळ, दोन्हींचा शेणव्यापासून किन्हवलीपर्यंत दरारा. नवऱ्यानं हात उचलला की बाया पोलीस पाटलाआधी तिच्या दारात येत. विहिरीवर बौद्धवाड्यातल्या बायांना ताटकळत ठेवायचे, तेव्हा हिनंच त्यांचे हंडे भरून त्यांच्या डोक्यावर चढवले होते. महिपत गावकीचा पुढारी, मोठा वाघ गावचा, पण ती समोरून आली की बिचारा रस्ता बदलायचा.

आणि ही अशी बाई स्वतःच्या लेकीपाशी हरली होती.

चार वर्षांपूर्वी अक्षदानं टोकावड्याच्या सूरजशी लग्न केलं. सूरज बौद्ध. गावकी बसली आणि ठरलं, आईनं पोरीच्या नावानं आंघोळ करायची. म्हणजे पोर मेली, असं चारचौघांत कबूल करायचं. नाहीतर घर वाळीत. सकुबाईचा नवरा धाऊ तेव्हा शेवटच्या दुखण्यात होता. उद्या याला खांदा द्यायला कोण येईल, या एका भीतीनं तिनं अंगणात बसून डोक्यावर हंडा ओतून घेतला. दहा दिवसांनी धाऊ गेला. खांद्याला सगळं गाव आलं, फक्त त्याची लेक आली नाही. मेलेल्या माणसाला कोण बोलावतं?

पुढच्या वर्षी मंडळातल्या नम्रतानं बातमी आणली, अक्षदाला मुलगी झाली, नाव राही. सकुबाईनं स्वतःची मऊ झालेली लुगडी फाडून दुपटं शिवलं. शिवून झालं आणि ट्रंकेत गेलं. द्यायचं कुठल्या तोंडानं? रोज पहाटे न्हाणीत पहिला तांब्या अंगावर घेताना तिच्या तोंडून नाव निघायचं, अक्षदा. लेकीची इतकी ओढ लागायची, की कधी कधी तांब्या हातातच राहायचा आणि चुलीवरचं पाणी उकळून जायचं.

यंदा होळीनंतर गावातल्या पारूच्या लेकीनं, रुपालीनं, आदिवासी ठाकराच्या मुलाशी लग्न केलं. गावकीचं तेच फर्मान. निरोप कळला तशी सकुबाई मंडळाच्या बाया घेऊन धावली. पारू अंगणात केस सोडून बसलेली, शेजारी भरलेला हंडा, समोर महिपत आणि त्याची माणसं. सकुबाईनं हंडा लाथेनं कलंडवला.

महिपत हसला. "सकू, तू केलीस तवा पानी गरम होतं का गार?"

बायांच्या माना खाली गेल्या. पण सकुबाई मागे सरली नाही.

"गार होतं. आजून आंगावर हाय," ती म्हणाली. "म्हनून सांगते, पारूला मी भिजू देनार नाय. वाळीत टाकनं गुन्हा हाय, म्हायताय ना? टाक आता. पयलं नाव माझं घाल."

मग एकेक बाई पारूला खेटून ओल्या मातीत बसली. वीस बाया वाळीत टाकायच्या तर गावकीच्या घरी भाकरी कोण थापणार? महिपत पुटपुटत निघून गेला.

पारूनं केस बांधले. डोळे पुसत म्हणाली, "माझी पोर जगवलीस गो. तुझी?"

दुसऱ्या दिवशी सकुबाईनं ट्रंक उघडली. दोन एस्ट्या बदलून ती दुपारी टोकावड्याला उतरली, विचारत विचारत घरापर्यंत गेली. दारात तीन वर्षांची पोर खेळत होती. सकुबाईनं पिशवीतलं दुपटं काढलं आणि तिला तिथंच रडू आलं. ते पोरीच्या कमरेलासुद्धा पुरलं नसतं.

अक्षदा बाहेर आली. अंगानं भरली होती, चेहरा बापाचा. आईकडे बघत उंबऱ्यावरच थांबली. आत ये म्हणाली नाही.

"आई, ही कोन?" राहीनं विचारलं.

"माझ्या नावानं आंघोळ केलेली बाई."

सकुबाई वाटभर जुळवलेलं सगळं बोलणं विसरली. मान वर न करता ती म्हणाली, "केली गो. तवापासून रोजच करते. पयला तांब्या घेतला का तुझंच नाव येतं तोंडात. माझं चुकलं, अक्षू. मेलेली तं मीच होते."

अक्षदा आत गेली. सकुबाई उन्हात तशीच उभी. परत फिरावं, असं मनात आलं, तेवढ्यात आतून चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला. मग पातेल्यात पाणी ओतल्याचा.

"पानी ठेवलंय तापत," आतून अक्षदाचा आवाज आला. "आमच्या घरचं हाय, चालत असलं तं आत ये. आंघोळ कर, मंग दोघी जेवू."

सकुबाईनं चपला काढल्या.