निम्मं औषध

धर्माजीच्या पायावर रुळाखालचं स्लीपर पडून सात महिने झाले होते. रेल्वेने त्याला हलकं काम दिलं, पण जखम काही भरेना. महिन्याभरात भरली नाही तर पाऊल काढावं लागणार, हे ऐकल्यापासून त्याची बायको जयवंता त्या पावलाकडे परत निघालेल्या पाहुण्यासारखं बघायची.

कर्जतच्या दवाखान्यात दर गुरुवारी मुंबईहून डॉक्टर येत. त्यांच्याकडे नवं औषध होतं: प्रथिनांचे बारीक तुकडे, जे म्हणे जखमेला मांस धरायला शिकवतात. औषध अजून प्रयोगातच होतं. एक बाटली जयवंताला मिळाली, एक तिच्या शेजारणीला, हुस्नबानोला. तिच्या नवऱ्याच्या, हसनच्या पायावरून बैलगाडीचं चाक गेलं होतं.

"एकीत औषध आहे, एकीत मिठाचं पाणी," डॉक्टर म्हणाले. "कुठलीत काय, ते मलाही माहीत नाही."

एवढ्या शिकलेल्या माणसाने हे आपण होऊन कबूल करावं, याचं जयवंताला गावी, पळसदरीला येईपर्यंत वाईट वाटत होतं.

घरी दोघी रेशनच्या रॉकेलचं जे करत, तेच त्यांनी केलं. दोन्ही बाटल्या एका पातेल्यात ओतल्या आणि निम्मं निम्मं करून परत भरल्या.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी दोन्ही जखमा मोजल्या. दोन्ही सारख्याच भरू लागलेल्या. त्यांनी पुन्हा मोजल्या.

"असं कसं होईल?"

जयवंताने सांगून टाकलं. "पातेलं आधी उकळून घेतलं व्हतं," हेही सांगितलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाई, दोघांची नावं प्रयोगातून काढावी लागतील."

"मंग औषध?" जयवंताने विचारलं. "आत्ता कुठं कडेला लाली आलीया. नाव खुशाल काढा. पाय ऱ्हाऊ द्या."

"डागतर," बाकावरून हसन म्हणाला, "शिक्षा म्हणून जास्त द्या."

डॉक्टर हसले नाहीत. कपाटातलं सीलबंद पाकीट फोडून त्यांनी आतला कागद वाचला, आणि खऱ्या औषधाची भरलेली बाटली टेबलावर ठेवली. "आता वाटूनच घ्या. खरं कुणाचं होतं, सांगू?"

"नको," जयवंता म्हणाली. "कळलं तर उद्या साखर मागाया हिच्या दारात जायची मला लाज वाटंल. नायतर हिला."

हुस्नबानोने बाटली उजेडात धरली आणि कागदी पट्टीवर नखाने खूण केली. "वरचं तुजं."

खूण निम्म्याच्या बरीच खाली होती. जयवंताने बाटली हातात घेतली, आणि आपल्या नखाने दुसरी खूण केली, मधोमध.