हुंगून घेतलेला ठेचा

भिलाईजवळच्या मरोद्याच्या भैयालाल चुट्याचा माणसावर पटकन विश्वास बसत नाही, हे अख्ख्या गल्लीला पाठ होतं. नवा दूधवाला लागला की महिनाभर हा दुधात बोट बुडवून बघणार. पाहुणा आला की आधी त्याच्या चपला कुठं झिजल्यात ते बघणार. हथखोजच्या कारखान्यात तेहतीस वर्षं फिटर म्हणून घासलेला माणूस. नट घट्ट बसलाय असं कुणी नुसतं तोंडानं सांगून भागत नाही, स्वतः पान्हा लावून बघावा लागतो, ही सवय तिथंच अंगात मुरलेली. त्यामुळं पोरीला लढाऊ विमानाचा पायलट सांगून आला, सारं घर हरखून गेलं, आणि हा बाबा तेवढा कपाळाला आठ्या घालून बसला.

मुलगा नागपूरचा, शुभंकर लांजेवार. बाप वारलेला, घरात आई एकटी, सिंधुताई. मुलगा सुट्टीवर आलाय म्हणून मायलेक आठवड्यासाठी भिलाई-3 मध्ये मावशीकडे उतरले होते. पसंती झालीच होती. येत्या रविवारी साक्षगंध, म्हणजे चारचौघांत कुंकू लावून दोन घरांनी शब्द देऊन टाकायचा. पोरीनं, समीक्षानं, तर शाळेतल्या नोकरीचा राजीनामासुद्धा लिहून ठेवला होता, कारण पायलटची बदली कुठं होईल ते देवालाही सांगता येत नाही म्हणे. आणि आपल्याकडची रीत कोण बदलणार? साक्षगंध झाल्यावर सोयरीक मोडली तर डाग पोरीच्याच पदराला लागतो. भैयालालला जे काही तपासायचं ते रविवारच्या आत तपासायचं होतं.

तसं पोरात नाव ठेवायला जागा नव्हती. उंच, गोरा, वाकून पाया पडणारा. मोबाईलमध्ये गणवेशातले फोटो. पण भैयालालनं विमानाबद्दल काही विचारलं की तो हसून म्हणायचा, काका, ते गुप्त असतं. बरं, असेल गुप्त. पण भैयालालच्या मनाला एक गोष्ट खुपत होती. जो माणूस मशीन चालवतो तो तिला शिव्या घालतो. क्रेनवाला क्रेनला घालतो, ट्रकवाला ट्रकला घालतो. हा पठ्ठ्या मात्र विमानाची नुसती आरती ओवाळत होता. इतक्या दिवसांत एकदाही त्याचं विमान बिघडलं नव्हतं की त्याला त्याचा वैताग आला नव्हता.

सोमवारी मायलेकांना जेवायला बोलावलं होतं. थंडीचे दिवस, बाजारात ओली लाल मिरची आलेली. कौसल्येनं, म्हणजे भैयालालच्या बायकोनं, दोन ठेचे केले, एक लाल मिरचीचा, एक हिरवीचा. दोन्ही सारख्याच स्टीलच्या वाट्यांत. वाढताना तिनं पाहुण्याला बजावलं की हिरवा फार झोंबतो, तुम्ही आपला लालच घ्या. शुभंकरनं मान डोलावली. हात पुढं केला. हात दोन्ही वाट्यांवर जरासा घुटमळला. मग त्यानं पहिली वाटी नाकाशी नेली, हुंगली, खाली ठेवली, दुसरी हुंगली आणि तिच्यातला ठेचा घेतला. घेतला तो बरोबर लालच घेतला.

"वास तर भारी आहे काकू," तो म्हणाला, आणि कौसल्या फुलून गेली.

भैयालालच्या हातातला घास हातातच राहिला. कारण तो स्वतः गेली चौतीस वर्षं ठेच्याची वाटी अशीच हुंगून घेत आला होता. घरच्यांना वाटायचं, गडी वासाचा शौकीन आहे. कसला शौकीन न् कसलं काय! भैयालालला लाल आणि हिरवा यांतला फरकच दिसत नव्हता. दोन्ही त्याला एकाच मळकट मातीच्या रंगाचे. आणि ही गोष्ट त्यानं जगात एकाही माणसाला सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही.

का नव्हती सांगितली, तेही ऐका. पोरगा असताना भैयालालनं रेल्वेची परीक्षा दिली होती, इंजिनवर असिस्टंट ड्रायव्हर व्हायची. लेखी पास झाला. मग डोळ्यांची तपासणी. डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक पुढं धरलं, यातला आकडा वाच म्हणाले. भैयालालला नुसते ठिपके दिसले. डॉक्टर माणूस भला. म्हणाले, बेटा, यात तुझा काही दोष नाही, पण ज्याला रंग ओळखता येत नाही त्याला इंजिनवर घेत नाहीत, जहाजावर घेत नाहीत, विमानावर तर नाहीच नाही. भैयालाल घरी आला तेव्हा त्याचे वडील बाबाराव खाटेवर पडलेले होते. त्याच हिवाळ्यात त्यांची डावी बाजू लकव्यानं गेली होती. त्यांनी विचारलं, काय झालं? आणि बावीस वर्षांच्या पोराच्या तोंडून निघून गेलं, मी गेलोच नाही, तुम्हाला असं टाकून कुठं जाऊ?

झालं. बाबाराव ढसाढसा रडले. आल्यागेल्याला सांगायला लागले, माझ्या पोरानं माझ्यापायी इंजिन सोडलं. गल्लीनं भैयालालला श्रावणबाळ करून टाकलं. अशी कीर्ती अंगाला चिकटली की खरवडून काढायला मोठं काळीज लागतं. भैयालालकडं ते नव्हतं. खोटं एकच वाक्याचं होतं, पण ते बाबाराव मेल्यावरही घरात नांदत राहिलं. समीक्षानं तर शाळेत "माझे बाबा" या निबंधात तेच लिहून बक्षीस आणलं होतं.

आता पंचाईत बघा. संशय तर आला, पण खात्री कशी करायची? ज्याला स्वतःला रंग दिसत नाही तो दुसऱ्याची रंगाची परीक्षा घेणार कशी? भैयालालनं डोकं चालवलं. बाजारात जाऊन दुकानदाराकडून दोऱ्याचं एक लाल आणि एक हिरवं रीळ मागून घेतलं आणि स्वतःला ओळखता यावं म्हणून तिथंच लाल रिळाच्या टोकाला गाठ मारून ठेवली. गुरुवारी शुभंकर चहाला आला तेव्हा हा दारावर तोरण बांधत स्टुलावर उभा. म्हणाला, जरा तो लाल दोरा द्या बरं. पोरानं टोपलीत पाहिलं. दोन्ही रिळं पाहिली. आणि मग गोड हसून हाक मारली, "समीक्षा, बाबांना दोरा दे ना, माझे हात चहाचे आहेत."

त्याच्या हातात कप नव्हता. चहा अजून यायचाच होता.

दुसऱ्या कुणाला यात काहीच दिसलं नसतं. पण भैयालालला स्टुलावर उभ्या उभ्या सगळं दिसलं. लग्नातली साडी निवडायची वेळ आली तेव्हा तो असाच बायकोला म्हणाला होता, तूच घे, मले काय समजते. टमाटे निवडायचे तर पोरीला पुढं करायचा. चुकायचंच नाही, दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळं व्हायचं. हा त्याचाच डाव होता, आणि त्याच्यापेक्षा सफाईनं खेळला जात होता.

शुक्रवारी त्यानं कौसल्येला एवढंच सांगितलं की पोट्ट्याले रंग दिसत नाही, आणि ज्याले रंग दिसत नाही तो पायलट होऊच शकत नाही. कौसल्या आधीच लाडवांच्या घाण्यात गुंतलेली, ती अशी भडकली की विचारू नका.

"तुमाले कसं माईत? तुमी काय डॉक्टर हाव का?" ती म्हणाली. "सोताचं इंजिन गेलं, आता दुसऱ्याचं विमान देखवत नाही का तुमाले?"

ती बोलून गेली आणि लगेच जीभ चावली, कारण त्या घरात इंजिनाचा विषय देवासारखा जपलेला. भैयालाल मात्र उठून अंगणात जाऊन बसला. तुमाले कसं माईत, या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते दिल्याशिवाय पोर वाचत नव्हती. एका पारड्यात पोरीचा जन्म, दुसऱ्यात याची चौतीस वर्षांची अब्रू. तरी पठ्ठ्यानं शनिवारची संध्याकाळ होईस्तोवर वेळ काढलाच. भ्यायला होता, दुसरं काय.

समीक्षा उद्याच्या साड्यांना इस्त्री करत होती. तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"बाई, ह्या दोन साड्यांत हिरवी कोणती?"

तिला वाटलं बाबा थट्टा करताहेत.

"मले खरंच नाही दिसत," तो म्हणाला. "कधीच नाही दिसली. रेल्वेनं मले डोळ्यापायी काढलं होतं. मी इंजिन सोडलं नव्हतं, समीक्षा. इंजिनानं मले सोडलं होतं."

मग त्यानं ठेचा सांगितला, दोरा सांगितला. समीक्षा इस्त्री उभी करून ऐकत राहिली. एकदा तिच्या तोंडून निघालं, "बाबा, हद है." मग म्हणाली की मागं एकदा व्हिडिओ कॉलवर तिनं लाल कुर्ता घातला होता आणि शुभंकर म्हणाला होता, हा मेंदीच्या पानासारखा हिरवा रंग तुला शोभून दिसतो. तेव्हा ती हसली होती. आता हसू आलं नाही. तिचे डोळे भरले, आणि नक्की कुणाच्या खोट्यापायी भरले ते भैयालालला कळेना.

"मग आजोबा?" तिनं विचारलं.

त्यानं इस्त्रीचं बटण बंद केलं आणि तो बाहेर निघून गेला.

रविवारी दहाच्या सुमाराला पाहुणे आले. कुंकू लावायच्या आधी समीक्षा स्वतः ताट घेऊन बाहेर आली. ताटात काचेच्या बांगड्यांचे दोन जुडगे, एक लाल, एक हिरवा. शांतपणे म्हणाली, आमच्याकडं आधी हिरवा चुडा भरतात, तुम्हीच काढून द्या. बाया कौतुकानं पुढं सरकल्या. शुभंकरनं ताटाकडं पाहिलं, मग तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग आईकडं. काचेला कुठला आलाय वास! त्यानं आईला म्हटलं, तूच दे ना. सिंधुताई हसून म्हणाल्या, नाही बाप्पा, तुह्याच हातानं दे.

त्यानं लाल जुडगा उचलला.

बाया खो खो हसल्या, त्यांना वाटलं नवरदेव मस्करी करतोय. सिंधुताई तर पदर तोंडाला लावून सांगायला लागल्या की लहानपणापासून असाच आहे खोडकर, हिरवी पेन्सिल आण म्हटलं की मुद्दाम लाल आणायचा. माउलीला मनापासून हसू येत होतं. भैयालालला ते बघवेना.

समीक्षानं भर बैठकीत तमाशा केला नाही, एवढी ती शहाणी. पाणी द्यायच्या निमित्तानं तिनं शुभंकरला स्वयंपाकघरात बोलावलं. भैयालाल मागोमाग गेला. कौसल्या चुलीशी होतीच. समीक्षानं सरळ विचारलं, "एअर फोर्सच्या मेडिकलमध्ये कोणत्या साली नापास झालात?"

पोरगा आधी काहीतरी बोलायला गेला. मग भैयालालच्या तोंडाकडं बघून त्याचं अवसानच गळालं. सात वर्षं झाली, म्हणाला. बाकी सगळं पास होतं, फक्त डोळे. पुण्याला एका गोदामात सुपरवायझर आहे. आईनं निवड व्हायच्या आधीच अख्ख्या वस्तीत पेढे वाटले होते, मग सांगायचं कुठल्या तोंडानं? विमान वरून गेलं की ती अजून हात जोडते. पोरीला फसवायचं नव्हतं म्हणे, लग्न झाल्यावर सांगणार होता. सगळे असेच लग्न झाल्यावर सांगणार असतात! समीक्षानं हातातला ग्लास ओट्यावर ठेवला आणि त्याच्याकडं पाठ फिरवली.

"मी जातो," तो भैयालालला म्हणाला. "काहीतरी कारण सांगून सोयरीक मोडा. फक्त आईला सांगू नका, काका. तिला सहन नाही होणार."

या पोराचा गळा धरावा, असं भैयालालला गेल्या सोमवारपासून वाटत होतं. आता समोर उभा होता तर त्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाही सांगत मी. तूच सांग. आजच सांग," तो म्हणाला. "मी बी नव्हतं सांगतलं माह्या बापाले, त्याले सहन होणार नाही म्हणून. मले बी रंग दिसत नाही. रेल्वेनं काढलं, अन् मी म्हणलो तुमच्यापायी सोडलं. एकोणीस वर्षं तो खाटेवर पडून मले माफी मागत होता. पाणी पाजलं तरी माफी, कूस बदलून दिली तरी माफी. मरायच्या दिवशी बी उजव्या हातानं डावा उचलून हात जोडले त्यानं. अन् मी ते हात जोडू देले."

कौसल्येच्या हातातला झारा कढईवर टेकला तो तिथंच राहिला.

शुभंकर बाहेर गेला. बैठकीत त्यानं आईला उठवलं, अंगणात नेलं आणि खुर्चीवर बसवून तिच्यासमोर खाली बसला. तो काय बोलला ते आत ऐकू आलं नाही. सिंधुताईंनी त्याला मारलं नाही की त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांनी वर केला आणि बराच वेळ त्याच्या डोळ्यांत बघत राहिल्या. मग मायलेक रिक्षानं निघून गेले. जमलेल्यांना काय कळायचं ते कळलं, आणि जो तो लाडू खाऊन आपापल्या घरी गेला.

दुपारी समीक्षानं राजीनाम्याचं पत्र फाडून टाकलं. बापाशी ती बोलली नाही, पण जेवायला बसली. कौसल्या मात्र जेवायलाही आली नाही. लग्न होऊन आल्यापासून बाबाराव जाईस्तोवर म्हाताऱ्याचं दुखणं तिनंच काढलं होतं. ती माफी तिनंही रोज ऐकली होती, आणि दर वेळी नवऱ्याच्या मोठेपणानं तिचा ऊर भरून आला होता.

भैयालाल अंगणात तोंड लपवून बसला होता. थोड्या वेळानं आतून स्टूल सरकवल्याचा आवाज आला. त्यानं डोकावून पाहिलं. कौसल्या स्टुलावर चढून भिंतीवरचा बाबारावांचा फोटो पदरानं पुसत होती. काच पुसून झाली तरी ती खाली उतरली नाही. म्हातारा कानानं जरा कमी होता, म्हणून त्याच्याशी बोलताना ती जशी आवाज चढवायची तसाच तिनं आवाज चढवला.

"ऐकून राहिले ना मामाजी? इंजिन तुमच्यापायी नव्हतं गेलं."

मग तिनं फोटो सरळ केला, पुन्हा एकदा तेच सांगितलं आणि खाली उतरली.