डावीकडचा आरसा

शेवटचा डबाही फोरमननी जुन्या चादरीवर उपडा केला. नट, वॉशर, स्प्रिंगा, गंजलेले बोल्ट खळखळत पसरले. उकिडवं बसून, तांदूळ निवडावेत तसं त्यांनी ते सगळं बोटांनी निवडलं आणि मग मान वर केली.

"गिअरचा काटा याच डब्यात ठेवला होता मी. माझ्या हातानं."

"पाय फुटून गेला असेल," उपड्या बादलीवर बसलेले पोस्टमन म्हणाले. ते शेजारीच राहत. निवृत्त झाल्यापासून घरोघर पत्रं टाकायच्या ऐवजी घरोघर चहा घेत. "काट्याला दोन पाय असतातच. लागला असेल चालायला."

"चेष्टा नको रे आत्ता."

"बरं, नाही करत. वहिनी, तुम्ही नाही ना फोडणीत घातला?"

ती चहाचे कप घेऊन मागच्या दारात उभी होती. "तुमच्या लोखंडात मी कधी हात घालते का, भावोजी?"

पोस्टमन हसले. फोरमनही हसले, पण त्यांचे डोळे चादरीवरच फिरत राहिले.

कप ठेवून ती आत आली आणि देवाच्या कोनाड्यासमोर उभी राहिली. रोज सकाळी दिवा लावला की ती मनाशी एक वाक्य म्हणे, आज माझ्या तोंडून खोटं जाऊ नये. लग्नाच्या आधीपासूनचा नेम. आत्ताही ती खोटं बोलली नव्हती. नुसता प्रश्न विचारला होता. आणि काटा लोखंडाचा नव्हताच, पितळेचा होता. दिव्याच्या मागे, तबकाला टेकून तो उभा होता, पितळेत पितळ. कोणाच्या डोळ्यांवर येण्यासारखं त्यात काही नव्हतं.

एवढी वकिली आपल्याला कधीपासून जमायला लागली, हे तिचं तिलाच कळेना.

फोरमनना सगळे फोरमनच म्हणत. पाणीपुरवठ्याच्या गाड्यांच्या शेडमध्ये त्यांची उमर गेली होती. ही पिकअपही तिथलीच. चारही चाकांनी ओढणारी, डोंगरावरच्या पंपघरापर्यंत चढणारी. खात्यानं ती भंगारात काढली तेव्हा फोरमननी ती लिलावात घेतली आणि दोरानं ओढून परसात आणली. तेव्हापासून पत्र्याच्या छपराखाली ती लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, चाकं काढलेली, तोंड उघडं. त्यांनी गंजलेला तळ कापून नवा पत्रा जोडला. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा वाढवला. इंजिन खोलून, धुऊन, परत बसवलं. तिचे गुडघे दुखतात म्हणून दाराखाली एक रुंद पायरीही जोडली आणि तिला त्यावर चढून बघायला लावलं होतं.

"जमतंय?"

"जमतंय."

"मग झालं तर. एकदा ही उठली, की आपण वर जायचं. पंपघराशी. आपली खोली आहे का पडली ते बघू."

लग्न झाल्यावर त्या खोलीत त्यांनी पहिला संसार मांडला होता. पंपाच्या घरघरीत तिला झोप लागायची नाही, आणि पंप बंद पडला की त्यांना. ती हसली होती तेव्हा. वर जायला तिलाही आवडलं असतं.

मग डोळ्यांचे डॉक्टर मध्ये आले. फोरमनच्या चष्म्याचा नंबर बदलायला म्हणून दोघं गेली होती. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि म्हणाले, डाव्या बाजूचं दिसणं आत आत येत चाललंय, औषधानं थांबेल पण गेलेलं परत यायचं नाही, गाडी चालवणं बंद करा. फोरमन बाहेर आले ते हसतच. "मला समोर जायचंय. डावीकडे काय ठेवलंय?" असं म्हणत पायऱ्या उतरताना त्यांचा डावा खांदा फाटकाच्या खांबाला चांगलाच लागला. त्यांनी तो चोळलासुद्धा नाही, ती बघत होती म्हणून.

लेकीनं फोनवर सरळ सांगितलं होतं, "आई, तू थांबव त्यांना. माझं ऐकत नाहीत."

"माझं तरी कधी ऐकलंय?"

"तू कधी बोललीयेस का?"

आवाज चढवणं, नाही म्हणणं तिला येतच नसे. एखादी गोष्ट तिला नको असेल तर ती नुसती राहून जाऊ देई, एवढंच. त्या आठवड्यात फोरमननी पुढच्या चाकांना जोर देणारी पेटी उघडली होती. आतले भाग रॉकेलमध्ये धुऊन डब्यात ठेवले होते. त्यातला तो काटा त्यांनी तिला मुद्दाम दाखवला होता. "हा आतला गिअर ढकलतो. गाडी जुनी, आता कुठं मिळत नाही हा. हा नाही तर गाडी नाही." पंज्याएवढा, दोन बोटं वाकवून धरावीत तसा. ते आंघोळीला गेले आणि तिनं तो उचलला. काही ठरवून नव्हे. पदराखाली घेऊन घरात येईपर्यंत तिला वाटत होतं, आपण तो नुसता पुसायला आणलाय.

तिला वाटलं होतं, दोन दिवस शोधतील, चिडतील, कंटाळतील. गाडी तशीच राहील. ते चिडतील याची तिची तयारी होती. घडलं भलतंच.

फोरमन चिडलेच नाहीत. ते गप्प झाले. सगळ्या डब्यांवर त्यांनी खडूनं आत काय आहे ते लिहिलं. बाहेर जाताना कुलूप लावलं की दोनदा ओढून बघत, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत. गॅस बंद असला तरी बटणाला हात लावून बघत. भाजीवाल्यानं सुटे परत दिले तर मुठीतच धरून ठेवत, आपण काय दिलं होतं ते आठवत.

एकदा ती पीठ मळत होती. ते येऊन स्टुलावर बसले.

"आईचं असंच सुरू झालं होतं ना?"

तिचे हात थांबले. सासूबाईंना शेवटी शेवटी काहीच आठवत नसे. चष्मा डाळीच्या डब्यात सापडायचा. मुलाला नवऱ्याच्या नावानं हाका मारायच्या. फोरमन त्यांना मांडीवर ताट घेऊन भरवायचे आणि त्या विचारायच्या, तुम्ही कोणाकडचे?

"असं काही नाही होणार तुम्हाला," ती म्हणाली.

"माझ्या हातानं ठेवलेली वस्तू मला सापडू नये? उभ्या जन्मात झालं नाही असं. शेडमध्ये अंधारात हात घालून पाना काढायचो मी." ते तिच्या पिठानं भरलेल्या हातांकडे बघत राहिले. "एक करशील? मला विसर पडायला लागला तर मला सांग. आपली पोरगी गोड बोलून झाकेल. पोस्टमन चेष्टेवारी नेईल. तू खोटं बोलत नाहीस. तू सांगितलंस तर मी मानेन."

पीठ कोरडं होत चाललं होतं. तिनं त्यात पाणी घातलं, जास्तच पडलं.

"सांगेन," ती म्हणाली. हेही खोटं नव्हतं. त्या दिवशी दिवा लावताना तिला नेमाचं वाक्य म्हणता येईना. ती हात जोडून नुसती उभी राहिली, आणि दिव्यामागून तो काटा तिच्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी फोरमन पोस्टमनना सांगत होते, "भंगारवाल्याला निरोप दे. घेऊन जा म्हणावं."

"कशाला? शेवटच्या बोल्टापर्यंत आलायस तू. नवा ओतून घेऊ काटा."

"काटा ओतून घेशील. डोकं कुठं ओतून मिळतं?"

पोस्टमननी गाडीच्या डाव्या दाराकडे बघितलं. तिथं फोरमननी जुन्या बसचा भला मोठा गोल आरसा बसवला होता. उजवीकडे गाडीचा मूळचा, तळहाताएवढा. "जाऊ दे, गाडी नको असेल तर तिथं खुर्ची टाक. दाढी-कटिंगचं दुकान चालेल चांगलं."

फोरमन हसले नाहीत. खिडकीतून ऐकत उभ्या असलेल्या तिला मात्र तो आरसा आज पहिल्यांदा दिसल्यासारखा वाटला. डावीकडे एवढा मोठा. म्हणजे यांना सगळं कळत होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं एक अक्षरही त्यांनी हसण्यावारी नेलं नव्हतं. तेही तिच्यासारखेच, काही न बोलता आपल्या परीनं त्यावर इलाज करत बसले होते.

ते आंघोळीला गेले तेव्हा तिनं काटा पदराखाली घेतला, परसात गेली, आणि खडूनं 'पेटीचे भाग' लिहिलेल्या डब्यात तो हळूच ठेवून दिला. झालं, तिला वाटलं. सापडेल, खूश होतील. देवाला काय सांगायचं ते आपण सांगू.

दुपारी फोरमन स्वयंपाकघरात आले. काटा त्यांच्या उघड्या तळहातावर होता. चेहरा असा, की तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"सापडला," ते म्हणाले. "कुठं ते विचार ना."

तिनं हात पदराला पुसले.

"त्याच डब्यात. चादरीवर उपडा केला होता मी तो. पोस्टमन बघत होता, तू बघत होतीस. एकेक वॉशर निवडला होता." त्यांनी काटा उजेडात धरला. तो लखलखत होता. दर आठवड्याला दिवा आणि तबक घासताना तिनं हातासरशी त्यालाही लिंबू लावलं होतं. सवयच ती. "आणि हे बघ. घासलेला आहे. इतका लख्ख. म्हणजे मी तो कधीतरी घेतला, बसून घासला, परत ठेवला. आणि मला त्यातलं काही, अगं काहीसुद्धा..."

ते स्टुलावर बसले. घरात लिंबानं पितळ कोण घासतं, हे या माणसाला एका नजरेत कळलं असतं. पण तिच्यावर संशय घ्यायचा, हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. स्वतःच्या डोक्यावर घेत होते.

"मी घासला," ती म्हणाली.

"काय?"

"लिंबानं. दिव्याबरोबर." तिचा आवाज इतका बारीक होता की तिला वाटलं, परत म्हणावं लागणार. "कोनाड्यात होता. मी ठेवला होता. मीच उचलला आणि आज मीच परत ठेवला."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

ती वाट बघत राहिली. त्यांनी ओरडावं, काटा फेकावा, शेजारी ऐकू जाईल असं बोलावं, तिची तयारी होती.

"म्हणजे मी डब्यातच ठेवला होता," ते म्हणाले.

"हो."

"उपडा केला तेव्हा तो त्यात नव्हताच."

"नव्हता."

"म्हणजे माझं डोकं..."

"तुमचं डोकं चांगलं आहे. काही झालेलं नाही त्याला."

फोरमन हसायला लागले. हसता हसता खांदे हलायला लागले, आणि मग ते हसणं राहिलं नाही. त्यांनी ग्रीसनं काळे झालेले हात पुढे करून तिचे दोन्ही हात धरले. "बरं केलंस," ते म्हणत होते, "बरं केलंस सांगितलंस. देव तुझं भलं करो." आणि ती खाली मान घालून ते ऐकत होती. शिवी ऐकून घेता आली असती. हे ऐकून घेता येईना.

राग दुसऱ्या दिवशी आला, चहाबरोबर, आवाज न करता.

"डोळ्यामुळे ना?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं नसतं."

"नसतंच ऐकलं. पण तू बोलायचं होतंस." त्यांनी कप बशीत ठेवला. "झोप मोडली की मी पडल्या पडल्या नावं म्हणून बघायचो. तुझं. पोरीचं. शेडमधल्या माणसांची एकेक करून. कुठलं गळलंय का. एक हेल्पर होता, त्याचं आठवेना, तर घाम फुटला मला." ते उठले. "तुझ्या शेजारीच पडलेलो असायचो."

तिनं कपबशा उचलल्या. बोलण्यासारखं जे होतं ते देवाला सांगूनही संपत नव्हतं.

काटा बसला. पेटी बंद झाली. चाकं चढली, ठोकळे निघाले, गाडी आपल्या पायांवर उभी राहिली. पोस्टमननी फाटक उघडून धरलं, उगाचच. फोरमननी चावी फिरवली आणि सगळ्या घरात घरघर भरली. स्वयंपाकघरातल्या ताटल्या थरथरल्या. तिला पंपघर आठवलं. त्यांनी गाडी परसातल्या परसात हातभर पुढे घेतली, हातभर मागे. मातीत चारही चाकांनी एकदम पकड घेतली. मग त्यांनी इंजिन बंद केलं, पाय धुतले, घरात आले आणि चावी कोनाड्यात ठेवली. दिव्याच्या मागे, तबकाला टेकून, नेमकी त्याच जागी.

"इथं राहू दे," ते म्हणाले. "मला हवी असेल तेव्हा तुझ्याकडे मागेन. द्यायची नसेल तर तोंडानं सांगायचं."

संध्याकाळी ऊन कलल्यावर ते आले. धुतलेला शर्ट घातला होता, केस विंचरले होते.

"देतेस? वरपर्यंत जाऊन येऊ. दोघं."

ती कोनाड्यापाशी उभी होती. चावी हाताच्या अंतरावर होती. तिला वर जायचं होतं. ती खोली बघायची होती. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून, आयुष्यभर म्हणत आली तसं 'बरं' म्हणणं किती सोपं होतं.

"नाही," ती म्हणाली.

"का ते सांग."

"डावीकडचं तुम्हाला दिसत नाही म्हणून."

फोरमननी मान हलवली. कोणीतरी बरोबर माप सांगितल्यावर शेडमध्ये हलवत असतील तशी. "बरं," ते म्हणाले आणि परसात गेले.

तिनं मागच्या दारातून बघितलं. त्यांनी खांद्यावरचं फडकं घेतलं आणि डावीकडचा मोठा आरसा पुसला, सावकाश, कडेपर्यंत. मग वळसा घालून ते चालकाच्या जागेवर जाऊन बसले, हात स्टिअरिंगवर ठेवून. थोड्या वेळानं त्यांनी पूर्ण मान डावीकडे वळवली आणि त्या आरशात बघितलं. आरसा दाराच्या दिशेला होता. ती दारात उभी होती. आपण त्यांना दिसतोय की नाही ते तिला कळेना. त्यांचं बघून होईपर्यंत ती तिथून हलली नाही.