कोरी दिसणारी चकती

बायकोच्या आठवणीत तिच्या प्रयोगशाळेने कार्यक्रम ठेवला होता, म्हणून मला जावं लागलं. तिचा साहेब दारातच भेटला. जिथे तिथे रिबन कापत हिंडतो म्हणून ती घरी त्याला फीतकापे म्हणायची.

आत पडद्यावर तिचं नाव मोठं करून लावलं होतं.

"केसाच्या जाडीत शंभरदा मावेल एवढं आहे हे, भाऊसाहेब!" फीतकापे म्हणाला. "गरम सुईने कोरलंय. तिच्याच यंत्रावर."

टाळ्या पडल्या. पुन्हा एकेकाने केक उचलला.

मी शिंपी. त्या सुईबद्दल मला एवढंच ठाऊक, की तिचं टोक डोळ्यांना दिसत नाही, आणि ती कोरायच्या चकतीवर टेकलेली असताना खोलीत बोलायचं नाही, पाय आपटायचा नाही. रेघ हलते. "तुमच्या सुईला गप्पा चालतात, माझीला नाही," असं ती मला चिडवायची. पडद्यावरची अक्षरं वेडीवाकडी होती. कोरताना हा भाषण करत असणार, दुसरं काय!

"कुठल्या चकतीवर कोरलंत?" मी विचारलं.

तिच्यासोबत काम करणारी मुलगी माझ्याकडे बघेना. "ताईच्याच, भाऊजी."

त्या चकतीवर बायकोने शेवटच्या रेघा काढल्या होत्या, एकमेकींना अगदी खेटून. वर्षभराने त्या सुट्याच राहतात की एकमेकींत मिसळतात, हे तिला बघायचं होतं. दवाखान्यात नाकात नळी असतानाही तेच बोलायची. वर्ष याच महिन्यात भरलं.

"मी साहेबांना सांगितलं होतं," ती मुलगी म्हणाली.

"अहो, कोरी तर दिसत होती!" फीतकापे हसला. "रेघाच त्या. पुन्हा काढू. नाव कसं, फोटोत उठून दिसतं." त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. हाताला केक चिकटला होता. कॅमेरावाला पुढे सरकला.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते. हा तर बोटं चाटत होता. मी त्याचा हात दोन बोटांनी उचलून बाजूला केला, मेलेली पाल उचलतात तसा.

"सगळंच गेलं का गं?"

"एक कोपरा असेल. नाव तिथवर पोचलं नाही."

"मग बघ."

"बघायलाही तीच सुई गार करून टेकवावी लागते. एवढ्या माणसांत नाही जमत, भाऊजी."

मी वळलो. "साहेब, बाहेर व्हा. पाहुणे घेऊन, केक घेऊन."

"अहो, पण फोटो..."

"बाहेर!"

कुरकुरत गेले सगळे. त्या मुलीने सुई चकतीवर उतरवली. पडद्यावर चित्र वरून खाली हळूहळू उमटू लागलं. पहिली रेघ सुटी. दुसरी सुटी. तिसरीही. मी श्वास धरून बसलो.

तेवढ्यात बाहेर फीतकापे खदाखदा हसला आणि चौथी रेघ लटपटली.

तिने कपाळाला हात लावला. "परत पहिल्यापासून."

मी चपला काढल्या आणि पाय न वाजवता, त्याचं तोंड बंद करायला दाराकडे निघालो.